ब्लॅकजॅकचा कोर्स घेऊ का? आधी फीचा हिशोब तासांत करू

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा तिशीतला, नोकरी करणारा, आकडेमोडीत बरा. वर्षभर मोबाईलवर ऑनलाइन ब्लॅकजॅक खेळतोय, म्हणजे कॅसिनोतला तो पत्त्यांचा खेळ ज्यात 21 च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायची असते. आधी कॉम्प्युटर पत्ते वाटतो ते आणि आता लाइव्ह डीलरवालं, जिथे कॅमेऱ्यासमोर माणूस पत्ते वाटतो. थोडेफार पैसे गेलेत, किती ते पत्रात नाही. व्हिडिओ बघता बघता त्याला कार्ड काउंटिंगचा, म्हणजे पडलेले पत्ते मोजून किती पैसे लावायचे ते ठरवण्याचा, एक पेड कोर्स सापडला. शिकवणारा स्वतःला प्रो म्हणवतो, जिंकलेल्या विद्यार्थ्यांचे अनुभव खाली लावलेत, आणि रविवारपर्यंत फी निम्मी. या कामासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा फीमध्ये जाईल, पण त्याच्या मते ती एक-दोन महिन्यांत वसूल होईल आणि आधी गेलेले पैसेही निघतील. बायको म्हणते, हे कोर्सवाले सगळे चोर. मित्र म्हणतो, अर्धी अर्धी फी भरू आणि एकच लॉगिन वापरू. त्याचा प्रश्न एवढाच: "ताई, कोर्सला पैसे घालण्यात अर्थ आहे का?"

ताई म्हणून लिहिलंस तर मीही सरळ अरे-तुरेवर येते, चालेल ना. आणि तुझ्या पत्रातले पैशांचे आकडे मी मुद्दाम गाळलेत, कारण हे वाचणाऱ्या दहा जणांचे पगार दहा तऱ्हेचे असणार. त्यापेक्षा युनिटमध्ये बोलू. एक युनिट म्हणजे टेबलावर एका डावाला कमीत कमी जेवढे लावावे लागतात तेवढे पैसे. तुझ्या आकड्यांवरून तुझ्याकडे साधारण 300 युनिट आहेत आणि कोर्सची फी, निम्मी झाल्यावरसुद्धा, 100 युनिट पडते. हे दोन आकडे डोक्यात ठेव, पुढे लागणारेत.

आधी बायकोचं म्हणणं घेऊ, कारण ती अर्धी बरोबर आहे. कार्ड काउंटिंग ही भोंदूगिरी नाही, त्याचं गणित पक्कं आहे आणि जुनंही आहे. 1956 मध्ये अमेरिकन लष्करातल्या चौघांनी साध्या डेस्क कॅल्क्युलेटरवर हिशोब करून ब्लॅकजॅकचा प्रत्येक हात कसा खेळावा याचा तक्ता छापला, आज ज्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात तो. मग एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने आयबीएमच्या 704 कॉम्प्युटरवर पुढचं काम केलं आणि 1962 मध्ये त्याचं पुस्तक आलं, की गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर काही वेळा पारडं खेळणाऱ्याकडे झुकतं. लास व्हेगासचे कॅसिनो एवढे घाबरले की एप्रिल 1964 मध्ये त्यांनी नियमच आवळले, पण गिऱ्हाईकं टेबलं सोडून जायला लागली तसे काही आठवड्यांत परत मागे घेतले. आणि पुढे गंमत बघ, त्या पुस्तकाने कॅसिनो बुडाले नाहीत, उलट ब्लॅकजॅकची गर्दी वाढली, कारण "हा गेम हरवता येतो" एवढंच ऐकून आलेले लोक खूप आणि खरंच सराव करून आलेले मूठभर. अर्धवट शिकलेला माणूस कॅसिनोला आवडतोच. कोर्सचा विचार करताना हे विसरू नकोस.

"एवढं जिंकता येतं तर शिकवत कशाला बसलाय?" हा प्रश्न तुझ्या बायकोने विचारलाच असेल, सगळेच विचारतात, पण मला तो फारसा दमदार वाटत नाही. शिकवायला बसण्याचं एक अगदी प्रामाणिक कारण असू शकतं: माणूस ओळखला गेला. काउंटिंग म्हणजे डोक्याने खेळणं, ते बेकायदा नाही, पण अमेरिकेतल्या नेवाडासारख्या ठिकाणी कॅसिनो सरळ सांगू शकतो की बाबा रे, तू आमच्याकडे ब्लॅकजॅक खेळू नकोस. न्यू जर्सीत 1982 मध्ये केन उस्टन नावाच्या पत्ते मोजणाऱ्या खेळाडूने तिथल्या सुप्रीम कोर्टात केस जिंकली, कोर्ट म्हणालं की कॅसिनोने आपल्या मनाने असं कुणाला बाहेर काढायचं नाही. मग कॅसिनोंनी काय केलं, काढलं नाही, पण संशय आला की लवकर पत्ते पिसायचे, बेटवर, म्हणजे डावाला लावायच्या पैशांवर, मर्यादा घालायची. म्हणजे दार उघडं आणि ताट रिकामं. तर असा दहा ठिकाणी तोंडओळख झालेला माणूस शिकवण्यावर पोट भरत असेल तर त्यात चोरी नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, त्याच्याकडे जे विकायला आहे ते तुझ्याकडे नाहीये का, आणि तुझ्याकडे जे नाहीये ते त्याला विकता येणारे का?

त्याच्याकडे काय आहे ते तर मी इथेच फुकट सांगते. सगळ्यात जास्त शिकवली जाणारी पद्धत म्हणजे हाय-लो. दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पत्त्याला अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य, दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांना उणे एक. समज टेबलावर पहिल्या डावात पंजी, राजा, तिर्री, छक्की, दुर्री, एक्का, चव्वी, नव्वी असे पत्ते पडले. तर डोक्यात चालू: एक, शून्य, एक, दोन, तीन, दोन, तीन, तीन. झालं, तुझा चालू काउंट अधिक तीन. लहान पत्ते जास्त निघून गेले म्हणजे उरलेल्यात मोठे पत्ते आणि एक्के जास्त, आणि ते तुझ्या फायद्याचे, कारण ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दश्शी किंवा चित्र, लागला तर तुला दीडपट मिळतात आणि डीलरला लागला तर तुझे फक्त लावलेले जातात.

टेबलावर बहुतेक वेळा बरेच कॅट (बावन्न पत्त्यांचे संच) एकत्र पिसलेले असतात, मग त्या काउंटला त्यातले किती कॅट शिल्लक आहेत त्याने भागायचं. काउंट अधिक आठ आणि चार कॅट बाकी, तर खरा काउंट दोन. तोच आठ, पण दोनच कॅट बाकी, तर खरा काउंट चार. बऱ्या नियमांच्या टेबलावर तक्त्याबरहुकूम खेळलास तर कॅसिनो साधारण अर्ध्या टक्क्याने पुढे असतो, आणि खरा काउंट एकाने वाढला की ढोबळ अर्धा टक्का तुझ्याकडे सरकतो. म्हणजे अधिक एकला बरोबरी, दोनला अर्धा टक्का तुझा, चारला दीड टक्का. काउंट चढला की जास्त लावायचे, पडला की कमीत कमी. काही काउंटला तक्ता मोडून खेळायचे पंधरा-वीस हात असतात, तेही जुन्या पुस्तकांत छापलेले आहेत, लायब्ररीत मिळतात, सरावाची फुकट अ‍ॅप्स ढिगाने आहेत. संपला सिलॅबस. व्हिडिओ वीस तासांचे असोत की चाळीस, आत माल एवढाच.

आता तू जे गृहीत धरलंयस त्याकडे येऊ, आणि पहिलंच जरा लागेल. तू खेळतोस मोबाईलवर. कॉम्प्युटर पत्ते वाटतो त्या ब्लॅकजॅकमधे साधारण प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसले जातात, तिथे मोजायला मागचं काही उरतच नाही, तू काउंट कर नाहीतर पाढे म्हण, सारखंच. लाइव्ह डीलरमधे खरे पत्ते असतात म्हणून आशा वाटते, पण तिथे बहुतेक आठ कॅट आणि त्यातले जवळजवळ निम्मे खेळायच्या आधीच कापून बाजूला. काउंट चढायला लागतो न लागतो तोच पत्ते परत पिसायला जातात. काही टेबलांवर तर मशीन सतत पिसतच असतं, खेळलेले पत्ते लगेच आत. म्हणजे तू जिथे खेळतोस तिथे जगातला सगळ्यात भारी कोर्स पण काही करू शकणार नाही. कोर्सच्या जाहिरातीत हे ठळक लिहिलंय का ते बघ. नसेल तर का नसेल याचा विचार कर.

म्हणजे खऱ्या टेबलावर जावं लागणार, जिथे माणूस पत्ते वाटतो, सहा किंवा कमी कॅट, आणि किमान तीन चतुर्थांश तरी पत्ते बाहेर येतात. आणि ब्लॅकजॅकला तीनास दोन मिळतात. हे शेवटचं नीट वाच, कारण आता बऱ्याच टेबलांवर सहास पाच लिहिलेलं असतं. दहा युनिट लावून ब्लॅकजॅक लागला तर पंधराऐवजी बारा. वाटतं काय तीनच युनिट कमी, पण त्याने कॅसिनोची बाजू जवळपास एक पूर्णांक चार टक्क्यांनी वाढते, म्हणजे तुझा काउंटचा सगळा फायदा तिथेच गेला. असलं टेबल तुला ये-जा करण्यासारख्या अंतरावर आहे का, आठवड्यातून किती तास तिथे बसता येईल, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. शिकवण्याबद्दल तीन पानं आणि खेळण्याच्या जागेबद्दल एक ओळ नाही!

समज, आहे असं टेबल. आता फीचा हिशोब. तू चांगला शिकलास, चुका जवळजवळ नाहीत, बेट एक ते दहा युनिट वर-खाली करतोस, सरासरी दोन युनिट लागतात, आणि एकूण तुझी बाजू पाऊण टक्का, जी बरी म्हणायची. तासाला ऐंशी डाव. ऐंशी गुणिले दोन गुणिले पाऊण टक्का, म्हणजे तासाला एक पूर्णांक दोन युनिट. एवढंच, बरं का. 100 युनिटची फी म्हणजे त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी तास, तेही बिनचूक खेळून, जाण्या-येण्याचा खर्च न धरता. तू आठवड्याला चार तास काढलेस तरी पाच महिने होतात, आणि एवढं करून तू आज जिथे आहेस तिथेच येणार, शून्यावर. आणि तू म्हणतोस "एक-दोन महिन्यांत वसूल"?

आणि हे झालं सरासरीचं. सरासरी कुणाच्या हातात पडत नसते. असं खेळताना एका तासात तीसेक युनिट वर किंवा खाली होणं ही रोजची गोष्ट आहे, गणितात त्याला स्टँडर्ड डिव्हिएशन म्हणतात. शंभर तासांनी अपेक्षा 120 युनिटची, पण वर-खाली 300 युनिटचं. त्याचा अर्थ असा की अगदी बरोबर खेळणारे तीन जण शंभर-शंभर तास खेळले तर त्यातला साधारण एक तोट्यात असतो. काही चुकलं नाही, तरी तोट्यात. चारशे तासांनीसुद्धा पाचातला एक. मला विचारशील तर काउंटिंगमधलं अवघड काम हेच आहे, सहा महिने बरोबर करूनही पैसे कमी झालेले बघायचे आणि तरी पद्धत सोडायची नाही. मोजणं त्यामानाने शाळकरी पोराला जमेल.

मग ते विद्यार्थ्यांचे अनुभव? खोटे असतीलच असं नाही, खरेच धर. पण बघ, काउंटिंग अजिबात न येणारे, फक्त तक्ता पाठ केलेले शंभर जण घे. प्रत्येकाने प्रत्येक डावाला एकच युनिट लावला, दहा तास खेळले. कॅसिनो अर्ध्या टक्क्याने पुढे असूनही त्यातले पंचेचाळीसच्या आसपास फायद्यात उठतात, नुसत्या नशिबाने. हे पंचेचाळीस जण खुशीत व्हिडिओ करून देतील, "सरांचा कोर्स घेतला आणि बदललं सगळं", आणि मनापासून बोलतील. उरलेले पंचावन्न काय व्हिडिओ करणार. तेव्हा अनुभव वाचताना रक्कम बघू नकोस, तास बघ. किती तास, किती डाव, बेट किती ते किती, हे लिहिलेलं नसेल तर तो अनुभव तुझ्या काही कामाचा नाही.

आता ते 300 आणि 100. इथे माझं मत अगदी ठाम आहे. वरच्याच गणिताने, तासाला एक पूर्णांक दोन युनिटची बाजू आणि तीस युनिटचं वर-खाली धरून, 300 युनिट घेऊन बसलेला माणूस कधी ना कधी सगळे पैसे घालवून बसण्याची शक्यता पंचेचाळीस टक्के येते. बिनचूक खेळून, हं. त्यातून 100 युनिट फीला गेले, उरले 200, तर तीच शक्यता एकोणसाठ टक्क्यांवर जाते. 1000 युनिट असते तर सातच टक्के. म्हणजे ज्या कोर्सने तुला जिंकायला शिकवायचं त्याची फी भरल्या भरल्याच तू बुडायची शक्यता वाढवून बसतोस. फी वेगळी आणि खेळायचे पैसे वेगळे असं तू मनात धरलंयस, पण खिसा एकच आहे ना. हा हिशोब कुठल्याच जाहिरातीत मी पाहिला नाही, आणि कोर्सवाल्याला तो येत नसेल असंही नाही.

एमआयटीच्या विद्यार्थ्यांची टीम तू ऐकलीच असशील, 1980च्या आसपास सुरू झालेली. त्यांच्या गोष्टीत सगळ्यांना पोरांची हुशारी दिसते, पण मला त्यातली व्यवस्था जास्त शिकण्यासारखी वाटते. पैसा गुंतवणूकदारांचा, म्हणजे खेळणाऱ्याचं घर पणाला नाही. नवीन पोराला शिकवायचे, मग परीक्षा घ्यायचे, गोंगाटात, गप्पा मारत, चुका मोजत, आणि पास झाल्याशिवाय टीमचा पैसा हातात नाही. शिकवणाऱ्याचा फायदा तुझ्या खेळण्यात असेल तर तो तुला असं घासून घेतो. कोर्स विकणाऱ्याचा फायदा तू टेबलावर बसायच्या आधीच झालेला असतो, तो माणूस कितीही सज्जन असला तरी.

मग पैसे देण्यासारखं काहीच नाही का? आहे. व्हिडिओला देऊ नकोस, परीक्षेला दे. एकट्याने सराव करताना आपली चूक आपल्याला कळत नाही, हीच मोठी अडचण असते. आपण तक्त्यातला एक हात सहा महिने चुकीचा खेळत असतो आणि वाटतं बरोबर चाललंय, उरलेले कॅट अडीच असताना तीन धरतो, काउंट बरोबर असून बेट चुकते. असं जाणत्या माणसाने दोन-चार तास समोर बसून पत्ते वाटले, बघितलं आणि चुकांची यादी हातात दिली तर तेवढ्या तासांची फी मला महाग वाटणार नाही. शिवाय कुणाला नुसतं शिस्तीसाठी कुणीतरी मागे लागलेलं हवं असतं, पैसे भरल्याशिवाय अभ्यास होतच नाही असा स्वभाव असतो, आणि ती रक्कम करमणुकीच्या पैशातून सहज जाते, तर घ्या बापडे, मी कोण अडवणार. पण तुझ्यासारखी ज्यांची फी खेळायच्या पैशातून जाणारे, त्यांनी नको. आत्ता तर नकोच.

घ्यायचाच झाला कधी तर विकणाऱ्याला आधी लिहून विचार. तुमच्या पद्धतीने सहा कॅटच्या टेबलावर तासाला किती युनिट आणि वर-खाली किती? माझ्याकडे एवढे युनिट आहेत, बुडायची शक्यता किती? ऑनलाइन चालतं का? तुमच्या स्वतःच्या तोट्याच्या महिन्यांच्या नोंदी दाखवता का? या चार प्रश्नांना सरळ आकड्यांत उत्तर आलं तर माणूस बरा आहे. "आधी जॉइन व्हा, आत सगळं आहे" असं उत्तर आलं, किंवा "गॅरंटी" हा शब्द आला, की पुढे बोलूच नकोस. आणि कोर्ससोबत टेबलावर वापरायचं अ‍ॅप किंवा छोटं यंत्र देत असतील तर तिथून पळ. नेवाडात 1985 पासून अशी साधनं वापरणं गुन्हा आहे, इतरही बऱ्याच ठिकाणी आहे, तिथे मग नुसतं बाहेर काढण्यावर भागत नाही. सरावाला अ‍ॅप ठीक, टेबलावर डोकंच. आणि मुळात जिथे खेळणार तिथला जुगाराचा कायदा काय म्हणतो ते आधी बघ, हे तर सांगायलाच नको.

रविवारचं सोड. त्या पानावरचा उलटा चालणारा काटा पुढच्या आठवड्यात परत येऊन बघ, बहुतेक तेव्हाही कुठलातरी रविवारच असेल.

त्यापेक्षा तीन महिने हे कर, खर्च एका कॅटचा. पहिले काही आठवडे फक्त तक्ता, कुठलाही हात विचारला तर विचार न करता उत्तर आलं पाहिजे, मोजण्याचं नावही काढू नकोस. मग कॅट नीट पिस, एक पत्ता न बघता बाजूला पालथा ठेव, आणि उरलेले एक्कावन्न एकेक टाकत काउंट कर. पूर्ण कॅटची बेरीज नेहमी शून्य येते, कारण अधिकवाले वीस आणि उणेवाले वीस. तेव्हा शेवटी तुझा काउंट अधिक एक आला तर पालथा पत्ता मोठा, म्हणजे दश्शी, चित्र किंवा एक्का. उणे एक आला तर लहान. शून्य आला तर सत्ती-अठ्ठी-नव्वीतला. आता उलटून बघ. अधिक पाच वगैरे आलं तर बघायचीही गरज नाही, चुकलास. तीस सेकंदांच्या आत, सलग दहा वेळा बरोबर, हे साधलं की पुढचं. आणि कंटाळा आला, दोन आठवड्यांत कॅट कपाटात गेला, तर तेही चांगलंच, 100 युनिट वाचले.

मित्राचं एक लॉगिन दोघांत वापरायचं ते काही करू नकोस, बहुतेक कोर्सच्या अटींत ते बसत नाही आणि भांडणाला कारण. पण मित्र कामाचा आहे. त्याला डीलर कर. त्याने खऱ्या टेबलाच्या वेगाने वाटायचं, मधेच तुला फोन नंबर विचारायचा, ऑफिसचं काहीतरी काढायचं, हसवायचं, आणि अचानक थांबून विचारायचं, काउंट किती? दोघांनी आलटून पालटून. युनिटऐवजी काड्या लावा आणि प्रत्येक बैठकीची वही ठेवा: किती डाव, किती काड्या, किती चुका. चाळीस-पन्नास तासांची वही झाली की तुला कुठल्या मदतीची गरज आहे, आणि आहे का, हे त्या वहीतच दिसेल, मग हवं तर त्या दोन-चार तासांच्या परीक्षेला पैसे घाल.

एक राहिलं. "गेलेले पैसेही निघतील" असं तू जाता जाता लिहिलंस आणि ते किती ते लिहिलं नाहीस. बायकोला तरी माहीत आहे का आकडा? मला नको सांगूस, पण बँकेचं स्टेटमेंट काढून वर्षभराची बेरीज कर आणि तिला दाखव, कोर्सबद्दल बोलायच्या आधी. तिचा राग कोर्सवाल्यांवर आहे असं तुला वाटतंय, मला तेवढी खात्री नाही. ते पैसे काउंटिंगने परत आणायचे असं ठरवलंस तर तू काउंट पडलेला असतानाही मोठ्या बेट लावणार, कारण डोक्यात काउंटऐवजी तो आकडा चालू असेल, आणि मग वरचं सगळं गणित बाद.

म्हणून त्या तीन महिन्यांत मोबाईलवरचं खेळणं पूर्ण बंद ठेव. अ‍ॅप काढ, खात्याला स्वतःहून बंदी घालायची सोय असते ती वापर. जमलं तर उत्तम, सरावाला वेळही मिळेल. नाही जमलं, दोन आठवड्यांत परत अ‍ॅप टाकलंस, किंवा बायकोपासून लपवून टाकलंस, तर काउंटिंग, कोर्स, मित्र, सगळंच बाजूला ठेव आणि जुगाराच्या सवयीवर काम करणाऱ्या समुपदेशकाची वेळ घे. पहिल्या भेटीला ते स्टेटमेंट सोबत ने.